करवत घ्यायची तर पाहून घ्या

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आमच्या तीन गावांत ‘कॅम्प’ म्हटले की डोंगरावरचा तंबू कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव बदलले, पण कॅम्प एक ते कॅम्प पाच हे पत्ते आजतागायत कायम आहेत. या कॅम्पांतून भटारी, मंडपवाले आणि सुतार आपले सामान टेम्पोत टाकून रोज नव्या जागी काम मांडतात. आज कॅम्प तीन, उद्या अंबरनाथ पूर्व, परवा बदलापूरच्या एखाद्या मैदानावर. अशा कारीगरांना जागेवर नेता येईल अशी करवत लागते. ती कोणती घ्यावी, हा या लेखाचा विषय आहे.

वाचक विचारतील की कापड विकणाऱ्याला करवतीचे काय पडले आहे? प्रश्न रास्त आहे. आम्ही कॅम्प दोनमध्ये कापडाच्या धंद्यात उभी हयात घालवली. करवतीचा तजुर्बा आम्हाला फार उशिरा आणि फार महाग पडून मिळाला. तो आधी सांगतो, म्हणजे पुढच्या गोष्टी का लिहिल्या हे कळेल.

आमच्या घरचा प्रसंग

२०२३ च्या डिसेंबरमध्ये आमच्या पुतण्याचा वलीमा बदलापुरात होता. पहाटे लाकडे आली ती पाच-सहा फुटी ओंडक्यांची. देगेखाली दीड फुटाच्या वर लाकूड चालत नाही. जास्त लांब असले की अर्धे बाहेर जळते आणि धूर वाढणाऱ्यांच्या डोळ्यांत जातो. ही वेळ येणार हे भटाऱ्याने आम्हाला आठ दिवस आधीच सांगितले होते, आणि लाकडे कापून आणण्याचा सल्लाही दिला होता. आम्ही त्यावर शहाणपणा केला. कापून घेण्याचे पैसे वाचवू, म्हणून बाजारातून बॅटरीवर चालणारी छोटी चेन-करवत आणली. डब्यावर ‘८८ व्होल्ट’ असे ठळक छापलेले होते. किंमत पाहिली, आकडा पाहिला, घेऊन आलो.

ती करवत पंधरा मिनिटे चालली. तीन-चार ओंडके झाले आणि बॅटरी बसली. दुसरी बॅटरी चार्ज केलेली नव्हती. देग चढवायची वेळ टळत होती. मंडपवाल्याच्या पेटीत लोखंड कापण्याचा ग्राइंडर होता. कोणीतरी त्याला लाकडाचे दातेरी पाते बसवले. भटाऱ्याकडे कामाला असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा ओंडक्यावर पाय ठेवून कापू लागला. पाते अडकले, मशीन उसळले आणि त्याच्या डाव्या हाताचे पहिले बोट अर्ध्यावरून गेले. आमच्या माणसांनी घाईत तुटलेला भाग थेट बर्फात घातला. डॉक्टरांनी सांगितले की बर्फ थेट लागल्याने तो खराब झाला, आता जोडता येणार नाही.

इलाजाचा खर्च आम्ही केला, ते आमचे कर्तव्यच होते. पण मुलगा त्या हाताने कांदा धरायचा. आता धरताना त्याला विचार करावा लागतो. चूक त्याची नव्हती. करवत आम्ही निवडली होती, आणि निवडताना डब्यावरचा आकडा सोडून काहीही पाहिले नव्हते. म्हणून त्यानंतरच्या महिन्यांत आम्ही उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातल्या मिस्तरींकडे, अंबरनाथच्या हत्यारांच्या दुकानांत आणि लाकडांच्या वखारींत बसून विचारपूस केली. जे समजले ते येथे देत आहोत.

पहिला प्रश्न : कापायचे काय आणि किती?

कापड घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही आधी विचारतो की शर्ट शिवायचा की पडदा? करवतीचेही तसेच आहे. सरपणाचा गोल ओंडका कापणे वेगळे आणि सुताराची फळी, प्लाय कापणे वेगळे. एकच करवत दोन्ही करील असे कोणी सांगितले तर तो माल खपवतो आहे असे समजावे.

मग हिशेब करावा. सहा फुटांच्या ओंडक्याचे दीड-दीड फुटाचे चार तुकडे करायला तीन काप लागतात. वीस ओंडके असतील तर साठ काप. ओंडक्याची जाडी किती, लाकूड ओले की सुके, बाभूळ-चिंचेसारखे कठीण की आंब्यासारखे मऊ, एवढे लिहून मगच दुकानात जावे. आणखी एक गोष्ट विसरू नये. करवत लाकडाची लांबी कमी करते; उभे फोडायचे काम कुऱ्हाड आणि पाचरच करतात. जाड ओंडका नुसता आडवा कापून चुलीत नीट जळत नाही.

हाताची करवत

महिन्यातून दोन-चार कार्यक्रम करणाऱ्या भटाऱ्याला आमच्या मते कमानीची हाताची करवत पुरेशी आहे. लोखंडी नळीची कमान आणि तिला ताणून बसवलेले पाते, अशी तिची रचना असते. एकवीस ते चोवीस इंची पाते सहा इंचांपर्यंतचे ओंडके आरामात कापते. पाते आणि कमान यांच्यात जेवढी जागा, तेवढाच जाड ओंडका कापता येईल, हे दुकानातच टेप लावून पाहावे. पात्याचे दोन प्रकार मिळतात. सुक्या लाकडासाठी सरळ त्रिकोणी दातांचे, आणि ओल्या लाकडासाठी मध्ये मध्ये भुसा बाहेर ओढणारा वेगळा दात असलेले. ओल्या लाकडात सुक्याचे पाते घातले तर ते भुशाने भरून अडकते, आणि माणूस समजतो की करवत खराब आहे.

मिटणारी करवतही मिळते. चाकूसारखी मिटते, खिशात किंवा पिशवीत राहते. तिचे पाते सात ते दहा इंचांचे असते आणि ती बहुधा ओढताना कापते, ढकलताना नव्हे. आपल्याकडच्या सुताराचा हात ढकलण्याचा आहे; त्याने सवयीने जोर लावला की पातळ पाते वाकते. तीन-चार इंचांपर्यंतच्या फांद्यांना ती उत्तम. घेताना पाते उघडून त्याचा खटका पक्का बसतो का ते दहा वेळा उघडमीट करून पाहावे. काम चालू असताना मिटणारी करवत बोटांवरच मिटते.

दातांकडे नीट पाहावे. दातांच्या टोकांवर निळसर-काळी झाक असेल तर ते खास कडक केलेले असतात. असे दात जास्त दिवस टिकतात, पण बोथट झाल्यावर तिकोनी कानस त्यांच्यावर चालत नाही. पातेच बदलावे लागते. साध्या दातांची करवत मात्र कानसीने पुन्हा पुन्हा धारदार होते. म्हणून बदली पाते बाजारात मिळते की नाही हे विचारल्याशिवाय कडक दातांची करवत घेऊ नये. तसेच दात एकाआड एक उजवीकडे-डावीकडे किंचित वाकलेले असावेत. त्यामुळे काप पात्यापेक्षा थोडा रुंद पडतो आणि पाते अडकत नाही. एका इंचात दात कमी असतील तर काप जलद आणि खडबडीत, जास्त असतील तर सावकाश आणि साफ. सरपणाला मोठे दात, फर्निचरला बारीक दात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

बॅटरीच्या करवतीचे खरे वजन

आमची फसगत येथेच झाली, म्हणून हा भाग विस्ताराने लिहितो. या मशीनच्या बॅटरीत लिथियमचे छोटे गोल सेल असतात. एका सेलचा दाब साधारण ३.६ व्होल्ट. असे पाच सेल ओळीने जोडले की १८ व्होल्ट होतात, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ वर जातो, म्हणजे एकूण २१. म्हणून एक दुकानदार १८ म्हणतो, दुसरा २० आणि तिसरा २१ म्हणतो. माल एकच असतो. त्यापुढचे ४८, ८८, १२८ हे आकडे अशा छोट्या मशीनवर बहुतेक वेळा फक्त नाव म्हणून छापलेले असतात. आमची बॅटरी नंतर उघडली तर आत पाचच सेल निघाले.

खरी ताकद कळते ती व्होल्ट आणि ॲम्पिअर-तास यांच्या गुणाकाराने. १८ व्होल्ट गुणिले २ ॲम्पिअर-तास म्हणजे ३६ वॉट-तास. करवतीची मोटर ४०० वॉट खेचत असेल तर ३६ भागिले ४००, म्हणजे सुमारे साडेपाच मिनिटे भरधाव काम. एका कापाला पंधरा सेकंद धरले तर एकवीस-बावीस काप. आमचे काम साठ कापांचे होते. हे गणित चौथीच्या मुलानेही केले असते. आम्ही केले नाही.

कापडवाला म्हणून एक युक्ती सांगतो. कापड जाड आहे असे विकणारा म्हणतो तेव्हा आम्ही ते तराजूवर टाकतो. बॅटरीही तराजूवर टाकावी. असा एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो. पाच सेलचे सव्वादोनशे ग्रॅम झाले, त्यात वरचे प्लास्टिक आणि पट्टी मिळवा. बॅटरीवर ६ ॲम्पिअर-तास लिहिले असेल आणि हातात ती पाखरासारखी हलकी लागत असेल, तर शब्दांना वजन आहे, मालाला नाही.

छोट्या चेन-करवतीत आणखी दोन गोष्टी. साखळीला तेल लागते. आपोआप तेल देणारी टाकी नसेल तर दर काही कापांनंतर हाताने थेंब सोडावे लागतात, नाही तर पट्टी आणि साखळी दोन्ही जळतात. आणि साखळी सैल पडते; ती ताणण्याचा स्क्रू कोठे आहे ते दुकानदाराकडून करून दाखवून घ्यावे. चार ते सहा इंची पट्टीची मशीन फांद्यांसाठी आहे. तिच्याकडून ओंडक्यांचे काम काढणे म्हणजे शेळीला बैलगाडीला जुंपणे होय.

पेट्रोलची चेनसॉ

रोजचे काम असेल, ओंडके आठ-दहा इंचांचे असतील, तर पेट्रोलची चेनसॉ लागते. सोळा किंवा अठरा इंची पट्टी या कामाला पुरते. ओंडका पट्टीच्या लांबीपेक्षा बारीक असावा. इंजिन दोन-स्ट्रोकचे असल्यास पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. पुस्तिकेत ५०:१ लिहिले असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल. अंदाजाने ओतले की इंजिन बसते. साखळीचे तेल वेगळे असते, ते या मिश्रणाचे काम करीत नाही.

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन क्षणात वर, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. म्हणून पुढच्या बाजूस चेन ब्रेक नसलेली मशीन फुकट मिळाली तरी घेऊ नये. दोन्ही हातांनीच धरावी, खांद्याच्या वर उचलून कापू नये, एकट्याने काम करू नये. डोळ्यांना चश्मा, कानाला बंदोबस्त, पायात बूट. स्लिपर घालून चेनसॉ चालवणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांना हिंमतवान म्हणू नये.

सुतार बांधवांसाठी

बदलापुरात इमारती उठत आहेत आणि तेथे घरोघर फिरून काम करणारे आपले पुष्कळ मिस्तरी आहेत. त्यांच्या हातात बहुधा चार इंची मार्बल कटर असतो. दगड-फरशी कापण्याच्या या मशीनला लाकडाचे पाते लावून प्लाय कापला जातो. मशीन स्वस्त, हलके, काम झटपट. म्हणून ही रीत पडली. परंतु या कटरला खालून आपोआप पाते झाकणारा गार्ड नसतो. कापून झाल्यावर मशीन खाली ठेवले तरी पाते उघडेच फिरत राहते.

लाकडासाठी बनवलेल्या सात इंची गोल करवतीला असा गार्ड असतो. लाकडातून बाहेर आली की तो पात्यावर परत येतो. मार्बल कटर सव्वा इंचाच्या आसपास खोल कापतो, ही करवत अडीच इंचांपर्यंत जाते. किंमत जास्त आहे, वजनही जास्त आहे. पण ज्याची भाकरी त्याच्या दहा बोटांवर आहे त्याने हा फरक खर्चात धरू नये. गार्ड दोरीने किंवा खिळ्याने मागे बांधून ठेवायची खोड मात्र सोडावी. तसे करायचे असेल तर महाग करवत घेण्यात काही अर्थ नाही.

ग्राइंडरला लाकडाचे पाते कधीही लावू नये. त्याचा वेग मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्यांचा. प्रत्येक पात्यावर त्याचा कमाल वेग छापलेला असतो आणि लाकडाचे पुष्कळ पाते याहून कमी वेगासाठी बनलेले असतात. पाते अडकले की ते धरून ठेवणारे काहीच नसते. आमच्या मुलाचे बोट याच रीतीने गेले.

वायरचीही काळजी घ्यावी. लांब आणि बारीक वायरवर मशीनला पुरता दाब मिळत नाही, मोटर तापते. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असावी आणि जेथून वीज घेतो तेथे गळती होताच वीज तोडणारा स्विच असावा. पावसात, ओल्या जमिनीवर वायर टाकू नये. जनरेटर असेल तर मशीनच्या वॉटपेक्षा निदान दुप्पट ताकदीचा घ्यावा.

झाड कोणाचे?

नेता येणारी करवत हातात आली की रस्त्याकडेची फांदी डोळ्यांत भरते. येथे सावध राहावे. शहरी भागातील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. उल्हासनगर महापालिका असो, अंबरनाथ किंवा कुळगाव-बदलापूर नगरपरिषद असो, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडणे गुन्हा आहे, मग ते आपल्या अंगणातले का असेना. बारवी धरणाकडचे जंगल तर वनखात्याचे. २६ जुलै २००५ च्या आणि २७ जुलै २०१९ च्या पुरासारख्या आपत्तीनंतर पडलेली झाडे दिसली तरी ती उचलण्यापूर्वी विचारावे. लाकूड वखारीतूनच घ्यावे आणि पावती टेम्पोत ठेवावी.

पैशाचा प्रश्न

चांगले हत्यार महाग असते हे खरे. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यांत सुतारकाम आहे. नोंदणी आणि पडताळणीनंतर प्रशिक्षण मिळते, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ई-व्हाउचरने मिळते. योजनेत पाच टक्के व्याजाचे कर्जही आहे. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे की हत्यारांची मदत हे कर्ज नव्हे, ते परत करायचे नसते. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते. एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो, वय अठरा पूर्ण असावे.

घेताना पक्के बिल घ्यावे. जीएसटी क्रमांकाच्या बिलाशिवाय वॉरंटी कोणी मानत नाही. दुकानदाराला विचारावे की साखळी, पाते, कार्बन ब्रश आणि बॅटरी तुमच्याकडे मिळते का, दुरुस्ती कोठे होते. जेथे सुटा भाग मिळत नाही तेथे मशीन स्वस्त नसते. आणि पुस्तिका वाचून घ्यावी. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी आम्हाला बाजाराने शिकवली, इंग्रजी अक्षर आजही अडखळत वाचतो. आमच्या डब्यातली पुस्तिका बारीक इंग्रजीत होती. आम्ही ती उघडलीच नाही. घरात शिकलेली मुले आहेत. त्यांच्याकडून वाचून घेण्यात कसली शरम?

अपघात झालाच तर तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट लागू देऊ नये. जखमेवर कापड दाबून धरावे आणि वेळ न घालवता मोठ्या इस्पितळात जावे.

सर्वांत स्वस्त करवत

एवढी विचारपूस करून आम्ही कोणती करवत घेतली, असे काही मित्र विचारतात. एक कमानीची करवत घेतली आणि त्या भटाऱ्याला दिली. पण खरे उत्तर वेगळेच निघाले. वखारवाल्याला आदल्या दिवशी सांगितले की दीड फुटाचे तुकडे हवेत, तर तो आपल्या मशीनवर कापून देतो. त्याची थोडी मजुरी पडते. ती मजुरी वाचवायला आम्ही निघालो होतो.

यंदा आमच्या घरात आणखी एक लग्न झाले. लाकडे कापून आली. तोच मुलगा देगेजवळ होता. आम्ही त्याच्या हाताकडे पाहिले, त्याने आमच्याकडे पाहिले, आणि हसून म्हणाला, “चाचा, या वेळी लाकूड बरोबर मापाचे आहे.” कापडाच्या धंद्यात आम्ही तीस वर्षे इतरांना माप देत आलो. माप घेणे त्या मुलाकडून शिकलो.